वहीत नसलेला दिवस

अण्णांनी एकाच तंबोऱ्याची जवारी एका दिवसात दोनदा काढली, तेव्हा मी ठरवलं की आता त्यांचं काही एक ऐकायचं नाही, दवाखाना गाठायचाच.

जवारी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तंबोऱ्याच्या तारा हाडाच्या ज्या चपट्या तुकड्यावरून जातात त्याला घोडी म्हणतात. घोडी दिसते सपाट, पण तिला अगदी केसभर उतार असतो. तो कानशीनं घासून आणायचा, हेच जवारी काढणं. नेमका आला की छेडलेली तार घोडीला हलकेच शिवत राहते आणि आवाज विझायच्या ऐवजी फुलत जातो. कानशीचा एक हात कमी पडला तर आवाज कोंडलेला राहतो, एक हात जास्त झाला तर मरतो. आणि घासून गेलेलं हाड काही परत येत नाही.

माझे वडील भालचंद्र सुतार मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पन्नास वर्षं हेच करत आले. हल्ली लेझरनं जवारी कापणारी यंत्रं निघालीत, तरी धारवाडपासून पुण्यापर्यंतची गाणारी माणसं अजून आमच्या दुकानाची पायरी चढतात. त्या दिवशी सकाळी अण्णांनी एका तंबोऱ्याची जवारी काढली, झकास काढली. जेवले, हात धुतले, दुकानात आले आणि तोच तंबोरा मांडीवर घेऊन पुन्हा घासायला बसले. मी माडीवर माझ्या नोकरीचं काम करत होते. खाली आले तोवर घोडीचं वाटोळं झालं होतं. अण्णांनी तार छेडली, तो मेलेला आवाज ऐकला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तेजू, हे कुणी केलं गं?"

मी त्यांच्या हातातून कानस काढून घेतली.

मिरजेत दर तिसऱ्या घरावर दवाखान्याची पाटी, त्यामुळे डॉक्टर शोधायला लांब जावं लागलं नाही. डॉक्टर नाझनीन मुजावर वयानं माझ्याहून लहान, पण समजावून सांगण्यात पक्की मास्तरीण. तिनं भिंतीवरच्या पडद्यावर अण्णांच्या मेंदूतली एक पेशी मोठी करून दाखवली.

"अण्णा, पेशी म्हणजे एक घरच समजा. घरात रोज केर होतो. ह्या बारीक पिशव्या दिसतात ना, त्यांना लायसोसोम म्हणतात. आत आम्ल असतं. पेशीतली बिघडलेली, वेडीवाकडी घडी पडलेली प्रथिनं ह्यांच्यात जातात, विरघळतात आणि त्याच मालातून नवी प्रथिनं होतात. शरीरातल्या बाकीच्या बहुतेक पेशी जुन्या झाल्या की मरतात, नव्या येतात. मेंदूच्या पेशींना ती सोय नाही. जन्मापासून शेवटपर्यंत तेच घर. वय झालं, पिशव्यांतलं आम्ल फिकं पडलं, की केर निघत नाही. तो साचतो, त्याच्या गुठळ्या होतात आणि पेशी आतून गुदमरते."

"म्हणजे माझ्या डोक्यात केर साठलाय," अण्णा म्हणाले.

"थोडक्यात, हो."

"हिची आई जन्मभर हेच म्हणत होती."

डॉक्टर मनापासून हसली. मीही हसले, आणि हसता हसता अण्णांचा हात घट्ट धरला.

उपचार चार वर्षांपूर्वीच निघाला होता. नाकातून औषधाचा फवारा द्यायचा, डोक्यावर टोप चढवायचा, आणि टोपातून निघणाऱ्या ध्वनिलहरी औषधाला मेंदूत शिरायला वाट करून देणार. पिशव्यांतलं आम्ल पुन्हा तेज होतं, पेशी आपापला केर काढते. शिवाय मायक्रोग्लिया नावाच्या पेशी मेंदूत सफाईसाठी फिरतच असतात, त्यांनाही चेव येतो. बारा आठवडे, दर सोमवारी एक बैठक. दहातल्या आठ जणांचा आजार जागच्या जागी थांबतो.

"मग अडचण काय?" मी विचारलं. फुकटात काही मिळत नाही एवढं मला बेचाळिसाव्या वर्षी कळत होतं.

"अडचण ह्या सफाईवाल्यांची. आठवण म्हणजे पेशी-पेशींमधले सांधे. सफाईवाल्यांना चेव आला की ते केराबरोबर फिके पडलेले सांधेही खाऊन टाकतात. पण नुकताच वापरलेला सांधा स्वतःवर एक प्रथिन चढवतो. त्याचा अर्थ, मला खाऊ नका. म्हणून बैठकीच्या आधी पाऊण तास उजळणी करायची. जे आठवाल ते टिकेल. जे आठवणार नाही ते जाईलच असं नाही, पण आधीच फिकं झालं असेल तर भरवसा नाही."

"आणि हात? त्यांचं काम?" मी विचारलं.

"हातांची विद्या मेंदूत वेगळ्या जागी असते, आणि यांच्या रोजच्या वापरातली आहे. तिला धक्का नाही." मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, एक वही करा. उजळणी घरच्या माणसानं घ्यायची असते. आणि नुसतं गोड गोड आणू नका. सगळे लग्नं आणि बारशीच आणतात. भांडणं, चुका, दुखणी, ह्यांना बाकीचं बरंच काही लोंबकळत असतं. ते धरलं नाही तर त्याच्याबरोबरचं चांगलंही जातं."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय.

उजळणीचे ते सोमवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस होते, हे आता सांगायला हरकत नाही. दवाखान्याच्या मागच्या खोलीत दोन खुर्च्या, मधे माझी निळी वही. वास आठवला की बाकीचं मागोमाग येतं, हे मी दुसऱ्याच आठवड्यात शिकले.

"अण्णा, लाखेचा वास. आईचं भाताचं पातेलं."

अण्णांनी डोळे मिटले आणि चेहरा सैल पडला. "पॉलिशची लाख वितळवायला भांडं मिळंना. मी म्हटलं, भात व्हायला अजून वेळ हाय. हळूच घेतलं पातेलं. नवं होतं गं, तिच्या माहेरचं. सुमन आली, पातेल्यात बघितलं, अन् काही बोललीच नाही. त्याच पातेल्यात लाखेसकट तांदूळ टाकले तिनं आणि माझ्यापुढं ठेवले. म्हणली, जेवा."

"मग?"

"मग काय, चाटून बघितलं की. म्हटलं, मीठ कमी हाय."

आई गेली त्याला सहा वर्षं झाली होती. पण त्या खोलीत ती अगदी पदर खोचून उभी राहायची. तंबोऱ्यांसाठी आणलेले मंगळवेढ्याचे भोपळे माळ्यावर टांगलेले असायचे, वाऱ्यानं एकमेकांवर आपटून त्यांचा ठक ठक आवाज यायचा, ते आणलं. हमीदभाईंना आणलं. त्यांच्याकडं अण्णा चौदाव्या वर्षी झाडू मारायला गेले आणि कारागीर होऊन बाहेर पडले. पुराच्या वर्षी माळ्यावर चढून बसलेलं अख्खं घर आणलं. माझा जन्म, माझी कांजिण्यांची पंधरा दिवसांची सुट्टी, माझी पहिली सायकल, सगळं आणलं.

एक गोष्ट तेवढी आणली नाही.

मी तेरा वर्षांची असल्यापासून एकोणीसची होईपर्यंत, सहा वर्षं, शाळा-कॉलेज सुटलं की रोज दुपारी दुकानात अण्णांच्या पुढ्यात पाटावर बसायचे. अण्णा मला जवारी शिकवत होते. गल्लीत तोवर पोरीच्या हातात कुणी कानस दिली नव्हती, आणि मी तर वर डावखुरी. लोक म्हणाले, डाव्या हातानं घासलेली घोडी बोलेल कशी? हमीदभाई तेव्हा थकले होते, पण खुर्चीतून म्हणाले, "घोडी को क्या मालूम, हात दायाँ के बायाँ? कान तो बीच में है ना." अण्णा माझ्या पाठीमागे उभे राहून डोळे मिटून ऐकायचे आणि एकच शब्द बोलायचे, "अजून." किंवा, "बास." त्या 'बास'साठी मी दिवस दिवस घासत बसायचे. तेवढं सुख मला पुढं कशात मिळालं नाही, पगारात नाही आणि लग्नात तर नाहीच.

मग तो दिवस. हुबळीच्या एक मोठ्या गायिका स्वतः तंबोरा न्यायला येणार होत्या. जवारी मी काढली. अण्णा बाहेर गेले होते, पण माझ्या कानांना खात्री होती. घोडी ठेवून मी जेवायला आत गेले. परतले तेव्हा बाई आलेल्या, सोबत शिष्यांचा घोळका. अण्णांनी तारा चढवल्या, छेडल्या, आणि फट्ट असा कोरडा आवाज आला. अण्णा म्हणाले, "माफ करा बाई. पोरीचा हात पडला. चूक माझी, नको त्या हातात कानस दिली."

महिन्याभरात मी पुण्याला गेले. औषधांच्या कंपनीत लागले. आठ वर्षं बापाशी धड बोलले नाही, पुढं बोलले ते सणासुदीपुरतं. आई गेल्यावर परत आले, पण दुकानातल्या त्या पाटावर पुन्हा बसले नाही. आम्ही दोघांनी त्या दिवसाचं नाव कधी काढलं नाही. हट्टाच्या बाबतीत मी त्यांचीच मुलगी आहे.

वहीत तो दिवस कसा आणणार? आणि तो वगळायचा तर ती सहा वर्षं कशी सांगणार? त्यांचा शेवट तिथंच होत होता. प्रत्येक सोमवारी मी पान उलटायचे आणि म्हणायचे, पुढच्या वेळी बघू.

नऊ बैठका झाल्या. अण्णांमध्ये फरक एवढा पडला की गल्लीतली माणसं येऊन बघून जायला लागली. तारखा पाठ, गिऱ्हाइकांची नावं पाठ, कुणी कोणत्या साली किती वाद घातला तेही पाठ. डॉक्टरनं मेंदूचा नवा फोटो दाखवला, गुठळ्या निम्म्याहून कमी. मी पेढे वाटले.

त्याच आठवड्यात धारवाडहून एक गाणारा मुलगा तंबोरा घेऊन आला. अण्णा घोडी आणि तारेच्या मधला सुती दोरा सरकवून आवाज बघत होते. मी चहा घेऊन आले होते. ऐकता ऐकता तोंडातून सहज निघून गेलं, "मधल्या जोडातली दुसरी तार अजून कोंडतीय अण्णा. एक हात लागेल."

अण्णांनी तार छेडली. ऐकलं. एक हात मारला, पुन्हा छेडली, आणि तार उघडली. मग त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, इतक्या कौतुकानं आणि इतक्या परकेपणानं, की मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"च्यायला, बरोबर बोललीस की! तुला गं कसं कळलं? तू तर कधी कानस हातात धरली नाहीस."

मला वाटलं चेष्टा करतायत. त्या दिवसावरून टोमणा मारतायत. मी त्यांच्या डोळ्यांत नीट बघितलं. तिथं टोमणा नव्हता, काहीच नव्हतं. सहा वर्षांच्या दुपारी, तो पाट, ते 'अजून' आणि ते 'बास', सगळं साफ झालं होतं.

डॉक्टर मुजावरकडे मी ओरडलेच. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "परत आणता येणार नाही, ताई. आठवण झाकली गेलेली नाही, सांधेच राहिले नाहीत. तुम्ही सांगू शकता. मेंदू आता स्वच्छ आहे, नवं शिकेल. पण ती ऐकलेली गोष्ट असेल. जगलेली नव्हे."

"म्हणजे ते आता माझ्या एकटीपाशी आहे."

"हो," ती म्हणाली.

घरी येऊन मी निळी वही कपाटात आपटली. राग डॉक्टरवर नव्हता, अण्णांवर तर नाहीच. तेवीस वर्षं मी त्या दिवसावर फुगून बसले होते. आता ज्याच्यावर फुगायचं तो माणूसच त्या दिवसातून निघून गेला होता. आणि जाताना माझ्या सगळ्या दुपारी घेऊन गेला होता, कारण त्या त्याला धरून ठेवायला मीच सांगितलं नव्हतं.

शेवटच्या बैठकीच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, अण्णा दुकान आवरत होते. माळ्यावरून त्यांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. दोऱ्यांची रिळं, मोडके मणी, हमीदभाईंची चष्म्याची काडी. आणि तळाशी कापडात गुंडाळलेली एक घोडी.

"तेजू, हिकडं ये. हिच्यावर तुझं नाव हाय."

घोडीच्या पोटाला अण्णांच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'तेजू', आणि खाली तारीख. मी ती तारीख वाचली नाही. वाचायची गरज नव्हती. मला वाटलं होतं ती घोडी त्यांनी त्याच दिवशी चुलीत घातली असेल.

"का ठेवली असेल मी ही?" अण्णा खरंच विचारात पडले होते. "मेलेली दिसतीय. मेलेली घोडी मी ठेवत न्हाई कधी."

ज्याचं उत्तर त्यांनीच मला द्यायचं होतं, ते तेच मला विचारत होते.

त्यांनी सवयीनं भिंग उचललं, घोडी उजेडाकडे तिरकी धरली. त्या क्षणी ते माझे वडील नव्हते, पन्नास वर्षांचे कारागीर होते. "पॉलिशचा हात झालाच न्हाई हिच्यावर. रेघा जशाच्या तशा हायेत. हे बघ, हे सगळे हात ह्या अंगाला उतरलेत. डावखुऱ्या माणसाचे. दाब कसा एकसारखा हाय बघ, अन् उतार... काय सुरेख उतार दिलाय. ही घोडी बोलत असणार. नुसती बोलत न्हाई, गात असणार." त्यांनी वर बघितलं. "तू डावखुरी."

"हो."

"हे हात तुझे?"

"हो."

"कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच. सहा वर्षं. रोज दुपारी, ह्याच पाटावर."

मग त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं, कारण अर्धं तपासलेलं काम त्यांना सोडता येत नाही. त्यांचा अंगठा एका जागी थांबला.

"हा बघ. हा एकच हात उलट्या अंगानं आलाय. खोल गेलाय, बाकीच्या सगळ्या रेघांना कापून. म्हंजे हा सगळ्यांच्या नंतरचा. उजव्या हाताचा." ते चुकचुकले. "पोरीचा हात बरोबर होता. नंतर कुणी तरी एक जादा मारला अन् वाट लावली. कोण होता हा?"

मी पाटावर बसले. मी जेवायला आत गेले होते तेवढ्यात ते बाहेरून आले असणार. मोठ्या बाई यायच्या होत्या. विश्वास टाकला होता, पण शेवटच्या घटकेला तो पुरला नसणार. एक हात, अजून बरी व्हावी म्हणून. आणि मग घोळक्यासमोर ते तोंडातून निघून गेलं आणि मागे घेता आलं नाही. तेवीस वर्षं मी माझी समजत आलेली चूक त्या डब्यात माझंच नाव लिहून पडून होती.

मी म्हणू शकले असते, माहीत नाही. तोंडावर आलंही होतं. त्यांच्या डोक्यातून ते पुसलं गेलं होतं, चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला आता कशाला द्यायचं?

"होता एक," मी म्हटलं. "घाईत होता. पाहुणे यायचे होते."

"कबूल केलं का त्यानं?"

"नाही."

"पण घोडी टाकली न्हाई."

"नाही. जपून ठेवली. माझं नाव लिहून."

अण्णांनी घोडी मांडीवर ठेवली आणि आपला उजवा हात उलटा-पालटा करून बघितला, जणू तो दुकानात दुरुस्तीला आलाय. बाहेर विजेची एक रिक्षा आवाज न करता निघून गेली. मग ते म्हणाले, "निळी वही आण."

"राहू दे अण्णा. गेलंय ते. गेलेलं मुद्दाम कशाला आणायचं?"

"गेलंय ते माझं. तुझं कुठं गेलंय? तू एकटीनं किती वर्षं वागवायचं ते?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला काही आठवत न्हाई, बाळ. तू सांग. पहिल्या दिवसापासनं सांग. मी ऐकून पाठ करतो."

मी वही आणली. त्या दिवशी आम्ही जेवलोही उशिरा. मी सांगत गेले, ते मधेमधे डोळे मिटून ऐकत होते. मी जरा आखडतं घेतलं की म्हणायचे, "अजून." हुबळीच्या बाईंपाशी आले तेव्हा मी थांबले. ते पुन्हा म्हणाले, "अजून." मी शेवटपर्यंत सांगितलं. त्यांचे शब्दही सांगितले, जसेच्या तसे.

बास ते म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोच उजवा.

सोमवारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत डॉक्टर मुजावर स्वतः आली. शेवटची बैठक म्हणून तिनं मोगऱ्याची दोन फुलं टेबलावर ठेवली होती. "अण्णा, आज उजळणीला काय आणलंय? लग्न, का पातेलं?"

अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून घोडी काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

"आज माझी चूक आणलीय," ते म्हणाले. "आठवत न्हाई मला, पण माझीच हाय. टोप चढवायच्या आधी मला ती दहादा म्हणू द्या."

मग खुर्ची माझ्याकडे वळवून त्यांनी डोळे मिटले आणि शाळेतल्या पोरानं पाढा म्हणावा तसं म्हणायला सुरुवात केली. "माझ्या पोरीचं नाव तेजश्री. तिला मी शिकवलं. तिचा हात बरोबर होता."